अकरा लग्नांचा पाहुणा

"हा बाबा पुन्हा जेवून राहिला की रे!" रत्नपालची आई लक्ष्मीबाई म्हणाली, आणि त्याने व्हीसीआर थांबवला.

पडद्यावर पिवळ्या पटक्याचा एक म्हातारा बुंदी खाता खाता थबकला. कॅसेट कळमनुरीच्या लग्नाची होती. सकाळी पाहिलेली वसमतची. तिच्यातही हाच पटका, हीच बुंदी. घरबसल्या लग्नं पाहायला मिळतात म्हणून आई रोज संशोधनाला हजर असायची. पण आपल्या नजरेतून सुटलेलं तिने पकडावं, याचं रत्नपालला जरा वाईटच वाटलं.

रत्नपाल हिंगोलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा. पीएच.डी.चा विषय होता, 'लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट : मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचं साधन'. त्यात सहा वर्षं गेली होती. २००४ चा मे संपायच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती, आणि शेवटचं प्रकरण अजून कोरं होतं.

त्याने सगळ्या कॅसेट पुन्हा लावल्या. तेवीसपैकी अकरा लग्नांत म्हातारा जेवत होता, आणि अकराही लग्नं १९९६ ची. बौद्धांच्या लग्नात, मराठ्यांच्या, मारवाड्यांच्यासुद्धा. रत्नपालने वही पुढे ओढली. त्याच्या आजोबांना गावजेवणात पंगतीपासून लांब बसावं लागे, हे ऐकतच तो वाढला होता. आणि इथे १९९६ सालातला एक माणूस सगळ्यांच्या पंगतीत खुशाल बुंदी खात होता! एका बैठकीत चाळीस पानं लिहून झाली.

नांदेडच्या करुणा मॅडम, त्याच्या मार्गदर्शक, फोनवर म्हणाल्या, "उत्तम. आता या गृहस्थांची मुलाखत जोडा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

झालं. पडद्यावरून काढलेला म्हाताऱ्याचा फोटो घेऊन रत्नपाल कळमनुरीला, कॅसेटमधल्या नवरदेवाच्या, हरिचंदच्या घरी गेला.

"हा? हा हिच्या माहेरचा," हरिचंद म्हणाला.

"माझ्या माहेरचा काहून?" बायको राधिका आतून बाहेर आली. "मी तर आठ वर्सं तुमचा काका समजून राहिले!"

"माझा काका असता तर मला ठावं नसतं का?"

"तुमाला तुमच्या घरचं काय ठावं असते?"

रत्नपाल चहा न घेताच उठला. पुढच्या घरांतही हेच. वरपक्ष म्हणे वधूकडचा, वधूपक्ष म्हणे वराकडचा. पण भांडण निवलं की प्रत्येक घरात एकच हळहळ निघे : आपल्या मांडवात जेवलेल्या माणसाचं आपण साधं नावही विचारलं नाही. सापडला की कळवा, असं सगळ्यांनी बजावलं.

शेवटी कळमनुरीच्या आठवडी बाजारात मेंढरांच्या एका व्यापाऱ्याने फोटो ओळखला. "ह्यो तर पुसेगावचा नामाजी!"

नामाजी आपल्या मेंढरांपाशीच भेटला. फोटो त्याने बराच वेळ न्याहाळला.

"मीच हाय. पण ह्या अकरातल्या एकाबी लग्नाला म्या गेलो न्हाई, सर. ही बुंदी औंढ्याची, माझ्या भाचीच्या लग्नातली. शूटिंगवाला म्हणला, मामा, मान वर करा, अजून घ्या. तीनदा घेतली. दोन दिवस तकलीफ झाली."

या अकराही लग्नांचा शूटिंगवाला एकच, वसमतचा पुनमचंद. त्याला काडीची लाज वाटली नाही. "ब्याटरी जेवणापर्यंत टिकतच नव्हती, सर. मग मिक्सिंगमध्ये, कॅसेट जोडताना, औंढ्याच्या मामाला मधात बसवायचो. काय खातो माणूस! आजवर एकाची तक्रार न्हाई. लोकं आपलंच तोंड पाहतात, दुसऱ्याचं कोण पाहते?"

चाळीस पानं वाया गेली. "पुरावाच खोटा," मॅडम म्हणाल्या, "प्रकरण बाद." रत्नपालला रडूच यायचं बाकी होतं. तरी दिलेला शब्द पाळायला तो अकराही घरी गेला आणि खरं ते सांगून आला. कोणीच ऐकेना.

"डोळ्यांनी पाहून राहिलो आमी, अन तुमी म्हणता आलाच न्हाई?" हरिचंद भडकला. "ते ऱ्हाऊ द्या. पत्ता द्या तेवढा."

लग्नसराई आली तशा नामाजीकडे पत्रिका येऊ लागल्या. "कोण लोकं हायेत ही?" बायको बनाबाईने विचारलं.

"ठावं न्हाई. पण यांचं खाल्लं म्हणतात म्या. न जाणं बरं दिसत न्हाई." आणि पटका बांधून नामाजी खरंच जाऊ लागला. ज्याच्या त्याच्या मांडवात बसून पोटभर जेवू लागला.

वीस मेला पुसेगावात नामाजीच्या नातीचं, राणीचं लग्न होतं. बोलावणं आलं म्हणून रत्नपाल मन मारून गेला. मांडवात पाहतो तर अकराच्या अकरा घरं हजर! नामाजीने त्याला दंडाला धरून पंगतीत बसवलं. उजवीकडे हरिचंद, डावीकडे वसमतच्या मारवाडी घरातले आजोबा, समोर हिंगोलीचं एक बौद्ध कुटुंब लेकराबाळांसकट. वाढायला खुद्द नामाजी. रत्नपालला स्वतःचे आजोबा आठवले, आणि त्याने नामाजीकडे आणखी बुंदी मागून घेतली.

हात धुऊन तो तडक एसटीडी बूथवर गेला.

"मॅडम, ते प्रकरण फाडलं नाही ना तुम्ही?"

"पडलंय इथेच. पण त्याचा काय उपयोग आता?"

"साल तेवढं बदलतो. १९९६ काढून २००४ घालतो."

"अहो, पण पुरावा?"

"तो आत्ताच खाऊन आलो, मॅडम."