शिट्टी काढा, घुमणं राहू द्या

गावंडेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांची चौकशी करत नाहीत. उंबऱ्यात उभे राहतात, डावा कान घराकडे करतात, डोळे मिटतात आणि निदान सांगतात. "सर, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलं." नाहीतर, "फ्रिजच्या मागं काहीतरी टेकून राहिलं, सरकवा त्याले." आमच्या वास्तुशांतीला आले तेव्हा गुरुजींचे मंत्र ऐन रंगात होते. काकांनी मला खुणेनं पाटावरून उठवलं आणि कानात सांगितलं की मोटारपंप हवा ओढतो आहे. पंप खरोखरच हवा ओढत होता. मंत्रांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. यंत्राच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखायची, ही विद्या ते तिथं शिकले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ती आमच्या कॉलनीवर मोकळी सोडली. "बिनकारणाचा आवाज जगात नसते गा," हे त्यांचं आवडतं वाक्य. कुठे काही कुरकुरलं, टपटपलं, खडखडलं की कारण सापडेपर्यंत काकांना जेवण जात नाही. आमच्या सौभाग्यवतींना स्वयंपाक करताना गुणगुणायची सवय होती. काका एकदा आवाजाचा माग काढत थेट ओट्यापर्यंत आले आणि म्हणाले, "तुम्ही आहे का वहिनी? मले वाटलं मिक्सर बिघडून राहिला." तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात शांतता नांदते.

अशा माणसानं मोबाइलवरून थेट कार्यक्रम सुरू केला आणि त्या कार्यक्रमाचा आवाज ऐकवेना, ही आमच्या कॉलनीतली सगळ्यात मोठी गंमत होती.

कार्यक्रमाचं नाव 'गावंडेंचा कूलर'. रोज संध्याकाळी पाचला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बैठकीच्या खोलीत उघड्या कूलरशेजारी बसत आणि जगाला उपदेश करत. कूलरच्या जाळीतली खस कशी भिजवायची, पंप का अडकतो, पाण्याला वास आला तर काय करायचं. नागपूरचा उन्हाळा पाहता हे ज्ञान किती मोलाचं ते मी सांगायला नको. थंडीत विषय बदलून गिझर आणि इस्त्रीवर येई, पण मागे कूलर तोच. प्रेक्षक मूठभर. पुण्याची त्यांची लेक वैशाली, कळमेश्वरला राहणारे त्यांचे साडू, कॉलनीतले आम्ही काहीजण, आणि चुकून आलेले दोघेचौघे. ते चुकून आलेले फार वेळ थांबत नसत.

कारण काका "नमस्कार मंडळी" म्हणाले की लगेच कुईऽऽ अशी एक शिट्टी निघे की कानातला मळ आपोआप बाहेर यावा. ती थांबली की दुसरा प्रकार. काका जे बोलत ते थोड्या वेळानं मागून पुन्हा ऐकू येई, मग आणखी थोड्या वेळानं पुन्हा, प्रत्येक वेळी थोडं बारीक होत. "टब आधी धुऊन घ्या," काका म्हणाले की टब धुण्याची सूचना तीनदा येई. साडूंनी एकदा खाली लिहिलं, "धुतला ना भाऊ, तीनदा धुतला. आता पुढं सांगा."

पण पुढं सांगायची काकांना घाई नसे. मधेच एखादा प्रश्न विचारत, "काय मंडळी, उकडून राहिलं ना?" आणि मग डावा कान वळवून, डोळे मिटून गप्प बसून राहत. इतका वेळ, की आम्हाला वाटायचं नेट गेलं. मग एकदम खुद्कन हसून पुन्हा खसकडे वळत. वैशालीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, आवाज सुधारा, नाहीतर कार्यक्रम बंद करा. लोक हसून राहिले." काका कुणाचं फार मनावर घेत नाहीत, पण 'बंद करा' हे त्यांनी घेतलं.

शिट्टीचं कारण त्यांनी आपल्या परीनं शोधलं होतं. कोराडीच्या माणसाला सगळ्या रोगांचं मूळ एकाच ठिकाणी दिसतं, आणि ते म्हणजे अर्थिंग. घरामागे अर्थिंगचा खड्डा होता. काकांनी त्यात मीठ आणि कोळसा भरला आणि रोज साडेचारला, कार्यक्रमाच्या आधी, तिथं बादलीभर पाणी घालू लागले. लोक तुळशीला घालतात त्याच भक्तीनं. शेजारच्या बाईंनी तर विचारलंही, की कोणतं व्रत धरलं म्हणून. शिट्टीवर मात्र या व्रताचा काही परिणाम होईना.

शेवटी ते माझ्याकडे आले. लॉकडाऊनमध्ये मी कॉलेजच्या पोरांना घरून मराठी शिकवलं होतं, तेवढ्या भांडवलावर कॉलनीत मी आवाजाचा जाणकार ठरलो आहे. पोरं तेव्हा माझा आवाज बंद करून झोपत असत, हे कॉलनीला ठाऊक नाही.

"सर," काका म्हणाले, "तेवढी शिट्टी काढून द्या. कार्यक्रम बंद नाही पडला पाहिजे."

"आणि ते मागून घुमतं ते?"

"घुमणं राहू द्या. शिट्टी काढा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. डॉक्टरला खोकला बरा करा पण ताप राहू द्या असं कोणी सांगतं का? आणि तेही कोणी, तर टपकत्या नळापायी उपाशी बसणाऱ्या माणसानं!

दुसऱ्या दिवशी पाचला मी त्यांच्या बैठकीत हजर झालो. टेबलावर मोबाइल, जुन्या कूलरच्या लोखंडी स्टँडला बांधलेला माईक, आणि त्या माईकच्या बरोब्बर समोर एक थोराड स्पीकर. कुठल्याशा मंडपवाल्यानं मोडीत काढलेला.

"हा कशाला, काका?"

"माहा आवाज मले ऐकू यायले नको? पाठवलं ते पोचलं का, हे आपल्या कानानं ऐकल्याशिवाय आम्ही शिफ्ट सोडत नव्हतो."

कार्यक्रम सुरू झाला आणि शिट्टीही. मी जाणकाराच्या थाटात आधी पंखा बंद केला. मग कूलर बंद केला. मे महिन्यातली संध्याकाळ होती. शिट्टी होती तशीच, आम्ही दोघे मात्र घामानं निथळायला लागलो. मग मी काय केलं, तर रुमालानं मान पुसायला वाकलो आणि माझ्या पायानं त्या थोराड स्पीकरची वायर निघाली. शिट्टी बंद! माईकनं ऐकलेलं स्पीकर बोलत होता, आणि स्पीकर बोललेलं माईक पुन्हा ऐकत होता. दोघांचं भांडण चाललं होतं एवढंच. मी हे मुद्दाम केल्याचा चेहरा केला आणि काकांनी माझ्याशी हात मिळवला.

"अर्थिंग नव्हतं तर," ते जरा हिरमुसून म्हणाले.

शिट्टी गेल्यावर ते घुमणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. आवाज आतल्या खोलीतून येत होता. दार सताड उघडं होतं आणि आत टीव्हीवर हाच कार्यक्रम मोठ्यानं लागला होता. बाहेर बोललेलं जगभर फिरून थोड्या वेळानं तिथं पोचे, आणि उघड्या दारातून परत माईकमध्ये. शाळेतल्या पोरालाही कळावं असं कारण होतं. मला आता यशाची चव लागली होती.

"काका, तो टीव्ही बंद करा. नाहीतर दार तरी लावा. संपला विषय."

काकांनी हाताचा पंजा वर केला. "तिकडं नाही, सर."

"पण बिनकारणाचा आवाज..."

"कारण आहे," ते म्हणाले, आणि माईकचं बटण बंद करून माझ्याकडे वळले.

आत काकू असतात. त्यांना विसरायला होतं, त्या बाहेर पडत नाहीत, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. किती विसरायला होतं ते कुणी विचारलं नव्हतं.

"सर, मी आत गेलो की ती पदर सावरून बसते," काका म्हणाले. "म्हणते, कोण पाहिजे तुम्हाले? मालक घरी नाहीत. मी गोळी देतो, घेते. पाणी देतो, पिते. पण बोलत नाही. परक्या माणसासंग काय बोलन? मागच्या उन्हाळ्यात पोरीनं गंमत म्हणून टीव्हीवर माहा कार्यक्रम लावला. तर ही त्या टीव्हीतल्या माणसासंग बोलायले लागली. मी इथं काही विचारतो, ते तिथं पोचते, मंग ती उत्तर देते. शिट्टी झाली की कान झाकून तोंड फिरवते, म्हणून ती काढायची होती. दार लावलं तर तिचं बोलणं मले कसं ऐकू येईन?"

मग त्यांनाच हसू आलं. "मले कूलरवाले भाऊ म्हणते. एवढा संसार केला सर, आन् आता भाऊ झालो."

मी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. फार वाईट वाटलं. गेलं वर्षभर आम्ही कॉलनीतले शहाणे लोक त्या गप्प बसण्याची नक्कल करून एकमेकांना दाखवत होतो. मीच त्यात सगळ्यांत बरा होतो.

तेवढ्यात आतून आवाज आला, "काहून गप्प झाले गा भाऊ? बरं नाही का?"

काका ताडकन उठले, माईक चालू केला, शर्टाची कॉलर नीट केली. "बरं आहे, बरं आहे. जरा पाणी पीत होतो." आणि मोबाइलसमोर वाकून त्यांनी साऱ्या जगाला विचारलं, "आज काय भाजी करावं म्हणता?"

आम्ही दोघे थांबलो. हा प्रश्न नागपुरातून निघून कुठे कुठे जाऊन पुन्हा दहा पावलांवरच्या त्या खोलीत यायचा होता. तो आला. आतला टीव्ही बोलला, "आज काय भाजी करावं म्हणता?"

"वांगे असन तर वांगे करा," काकू म्हणाल्या. "तेल जरा हात सोडून टाका. माणसं तेलाले लय भेतात."

काका खुद्कन हसले. साडूंनी खाली लिहिलं, "कूलरमध्ये वांगी?" त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. काकांनी खसची एक बाजू उगीच झटकली, पंप उचलून दाखवला, पुन्हा ठेवला. त्यांना कार्यक्रम संपवायचा नव्हता हे मला दिसत होतं.

"आता बस करा भाऊ," आतून आवाज आला. "दिवस कलला. घरी बायको वाट पाहून राहिली असन तुमची."

काका माईकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "हो जी. निघतोच. उद्या येतो."

मी माईक बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी तो धरला आणि डावा कान दाराकडे वळवला. आम्ही उभे राहिलो. कूलर बंद होता, पंखा बंद होता. आतल्या टीव्हीतून काकांचा आवाज आला, "हो जी. निघतोच. उद्या येतो."

"या हं," काकू म्हणाल्या.

मग काकांनी माईक बंद केला आणि वांगी आहेत का ते पाहायला स्वयंपाकघरात गेले.