दानिएलकाकांची लांब प्रार्थना

दानिएलकाका प्रार्थनेला उभे राहिले, की शांताबाई हळूच आत जाऊन भाताखालचा गॅस बंद करून येत. रविवारची सभा रोह्याला शांताबाईंच्याच घरी भरे, आणि काकांचं ‘आमेन’ भात करपण्याआधी कधी आलं नव्हतं.

काका पेणला माझ्या शेजारी राहत. नोकरी सगळी एस.टी.त कंडक्टर म्हणून झाली, तीही पेण-रोहा मार्गावर. त्यांची प्रार्थनासुद्धा त्याच मार्गानं, प्रत्येक थांबा घेत जाई. गडबच्या चहावाल्याचा गुडघा, नागोठण्याच्या मावशीचं गळकं छप्पर, कुणाची हरवलेली म्हैस, कंपनीत नाइट शिफ्टला जाणारी पोरं. कुणी मागं राहता कामा नये. मुलं भिंतीला टेकून झोपी जात. मोठ्यांपैकी कुणी मुद्दाम खाकरलं, तर काका डोळे न उघडता म्हणत, “प्रभू, याच्या खोकल्याकडं पण बघ.”

एरवीही ते कुणाला सोडत नसत. भाजीबाजारात पिशवी धरून विचारत, “आत कसं काय हाय?” आपण ‘ठीक’ म्हणून सटकू बघावं, तर म्हणत, “पोट भरलं म्हंजे आत भरत नाय. आत रोज केर काढावा लागतो.” पेणच्या गणपतीच्या कारखान्यातल्या एका रंगाऱ्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा काका त्याच्याजवळ बसून प्रार्थना करून आले. रंगारी म्हणाला, “करा काका, आमचा बाप्पा रागावनार नाय.”

स्वतःच्या घरातलं मात्र ते कधी काढत नसत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, रूथ, तिनं धर्माबाहेर लग्न केलं, तेव्हा काकांनी तिला सांगितलं होतं की या घरात तुझं नाव निघणार नाही. निघालंही नाही. देवापुढं म्हशीचं नाव निघे, रूथचं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग सभेला नवे तरुण पाळक आले. त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितलं की आज लांब प्रार्थना नको; ज्याच्या मनावर जे सगळ्यात जड आहे, तेवढंच त्यानं एका वाक्यात देवाला सांगावं. आम्ही मनातून सुखावलो. शांताबाई तर जागच्या हलल्याही नाहीत.

काकांची पाळी आली. ते उभे राहिले. मग म्हणाले, “प्रभू, माझी रूथ.” आणि खाली बसले.

‘आमेन’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. “जित्याला येतोस?” एवढंच म्हणाले. रूथचं सासर तिथं, जिते गावात आहे, हे मला तेव्हा कळलं. पेणहून रेल्वेत बसलो, नीट टेकलोही नव्हतो, तोच जिते स्टेशन आलं.

घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, नवऱ्याला सुरतेला काम लागलं, दिवाळीनंतर सगळी तिकडं गेली. मग तिनं विचारलं, तुम्ही कोण? काका म्हणाले, “मी तिचा बाप.”

आत जाऊन तिनं पाणी आणलं. म्हणाली, “या ओटीवरच तुमचा नातू चालाय शिकला.” काकांनी ओटीवरून हात फिरवला. पाणी तसंच राहिलं.

तिनं दिलेल्या रूथच्या नंबरावर मी स्टेशनच्या फलाटावरून फोन लावला आणि काकांच्या हातात दिला. “रूथ, मी पप्पा. जेवलीस काय गो?” त्यानंतर ते फक्त ऐकत होते. पेणची गाडी आली आणि गेली.

फोन परत देताना त्यांचा हात ओला होता. मी विचारलं, काय म्हणाली?

“इतकी वर्षं कुठं होता, विचारत होती.”

“मग काय सांगितलंत?”

“काय सांगनार?” काका म्हणाले. “एका स्टेशनाच्या अंतरावर होतो.”