एकच फाटक

टिळेकरांबद्दल लिहायचं मी सात वर्षं टाळलं. इथल्या मराठी मंडळात कोणी विषय काढला, की "माणूस भला, पण विनोद कळायचा नाही त्यांना," एवढं बोलून मी चहाच्या टेबलाकडे वळायचो. हे वाक्य आमच्या मंडळात आता सगळेच बोलतात. ते खोटं आहे आणि ते मी पसरवलं. मी एक्क्याऐंशीचा झालोय. आता तरी ते मागे घेतो.

मनोहर टिळेकर मूळचे मिरजेचे. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर मुलाच्या मागे न्यूझीलंडला आले. मुलगा नोकरीसाठी दूर उत्तरेला, टाकानिनीला गेला आणि हे नवराबायको लोअर हट गावात, माझ्या शेजारच्या घरात राहिले. जन्मभर क्रिकेटवर पोसलेला माणूस. पण सत्तरीत यांना बेसबॉलच्या मैदानांचं वेड लागलं. बेसबॉल नसेल तर सॉफ्टबॉल. दर शनिवारी सकाळी डबा, थर्मास आणि मालतीवहिनींना गाडीत घालून निघायचे. कधी जवळच, कधी तीन-तीन तास लांब. संध्याकाळी परतले की मी कुंपणावरून विचारायचो,

"कोण जिंकलं?"

"कल्पना नाही. पण फाटक एकच होतं, साठे! पैकीच्या पैकी!"

बेसबॉलच्या संघात किती जण असतात हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. बॅट धरणारा 'फलंदाज', त्याच्यामागे बसणारा 'तो मुखवटेवाला', बाकी सगळी 'मंडळी'. मैदान म्हणजे तारेचं कुंपण, दोन बाकं, एक नळ आणि चिप्स विकणारी गाडी. पण टिळेकर प्रत्येकाला 'स्टेडियम' म्हणायचे.

अर्धवट गोष्ट त्यांना सहन होत नसे. कोपऱ्यावरच्या डेअरीतला, म्हणजे इथल्या किराणा दुकानातला, पोरगा सुटे पैसे देताना "स्वीट अ‍ॅज" म्हणायचा. 'झकास' अशा अर्थाने इथे सगळेच म्हणतात. टिळेकर थांबायचे. "अ‍ॅज काय? वाक्य पुरं कर बाबा." तो नुसता हसायचा. मग टिळेकरच पुरं करायचे. "स्वीट अ‍ॅज बासुंदी." दुसऱ्या दिवशी "अ‍ॅज चिरोटा." पुढे पुढे तो पोरगाच "टुडे?" असं विचारायला लागला.

स्टेडियमच्या मार्कांची एक वही होती. ड्राफ्ट्समनच्या हातची, रेघा अशा की नजर लागावी. रकाने पाच: फाटक, कुंपण, बाक, वारा आणि शेवटचा नुसता 'मा.' एका भपकेबाज मैदानाला फाटकात शून्य होतं. शेजारी शेरा: 'सहा दारे. स्टेडियम की धर्मशाळा?' आणि जिथे बाकाचा एक पाय विटेवर टेकवलेला होता, त्या मैदानाला सरासरी साडेनऊ!

वहिनी कायम बरोबर. डोक्यावर लाल लोकरी टोपी, भर उन्हाळ्यातसुद्धा. आणि एक गंमत. आमच्या पिढीचे नवरे बायकोच्या दोन पावलं पुढे चालतात. टिळेकर दोन पावलं मागे चालायचे. मंडळात त्यांना 'वहिनींचा पट्टेवाला' म्हणत. हे नावही मीच ठेवलेलं.

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. पोचल्याबरोबर टिळेकरांनी कुंपणाला अख्खा फेरा मारला, पावलं मोजत. मग फाटकाची कडी दहादा काढून घातली. आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग घाईघाईने. "जड आहे. छान," म्हणाले आणि वहीत टिपलं. वहिनी कुंपणाच्या कडेकडेने एकट्याच फिरत होत्या. चेंडू लागला तरी टाळ्या, हुकला तरी टाळ्या. "किती छान पळतात हो!" टिळेकरांचं लक्ष खेळाकडे नव्हतंच. ते फाटकाकडे तोंड करून बसले होते.

"हे 'मा.' काय आहे?" मी विचारलं.

"ते राहू द्या."

राहू देईन तर मी कसला? मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात दरवर्षी माझ्या नकला असत. त्या वर्षी कोणाची करायची हे मी तिथेच ठरवलं. वाचायला म्हणून वही मागितली. टिळेकरांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. "कोणाला दाखवू नका हं, साठे." मी चार पानं उतरवून घेतली आणि दुकानातून एक लाल टोपी आणली.

मेळावा दुपारचा. फराळाच्या टेबलापाशी वहिनी भेटल्या.

"चकली झकास झालीय. तुमच्या मिसेस नाही आल्या?"

माझी बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या शेवटच्या दिवसांत तिला चमच्याने पेज भरवायला येत होत्या त्या याच मालतीवहिनी. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात चुकल्या असतील. मिनिटाभराने पुन्हा, "मिसेस नाही आल्या?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा टिळेकरच हळूच म्हणाले, "घरी आहेत गं, बऱ्या आहेत," आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती.

मी चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली आहेत; निम्मी पुण्यात, निम्मी इथे. आठवण पुसत जाणाऱ्या माणसांच्या गोळ्या मी माझ्या हाताने त्यांच्या घरच्यांना दिल्या आहेत. त्या क्षणी मला एकूणएक कळलं. एक फाटक का, कडी जड का हवी, लांबून दिसणारी लाल टोपी का, दोन पावलं मागे का. 'मा.' म्हणजे कोण, तेही.

"मला कळलं नव्हतं हो," असं मी आजवर सांगत आलो. कळलं होतं.

तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. आमच्या खजिनदारांची जुनी नक्कल मला पाठ होती. ती करता आली असती. मी खिशातून टोपी काढली आणि घातली.

बॅडमिंटनच्या जाळीचं कुंपण केलं होतं. मी त्याला फेरा मारला, पावलं मोजली, नसलेली कडी दहादा काढली. मग वही उघडल्यासारखं करून म्हणालो, "आणि शेवटचा रकाना, 'मा.' मा. म्हणजे माननीय! मैदानाला साडेनऊ आणि माननीय टिळेकरांना, त्यांच्याच हस्ते, दहा!"

हशाने हॉल कोसळला. सगळ्यांत जास्त हसत होत्या त्या पहिल्या रांगेतल्या मालतीवहिनी. हसता हसता मोठ्याने म्हणाल्या, "अहो, कोण हो हा वेडा माणूस?"

लोकांना तो नकलेचाच भाग वाटला. आणखी हसले.

"आहे एक," टिळेकर म्हणाले. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि दुसरा हात गुडघ्यावर आपटून टाळी वाजवली. नंतर ते दोघं उठून गेले. वहिनी पुढे, ते दोन पावलं मागे.

पुढे ते कुठेही दिसले की लोक हात जोडायचे. "नमस्कार, माननीय!" मैदानात, डेअरीत, दवाखान्यात. वाईट हेतूने कोणीच नाही. मी शिकवलं तेच म्हणत होते. महिन्याभरात शनिवारी गाडी अंगणातच दिसायला लागली. त्यांच्या घराच्या फाटकाला नवी कडी आली. वहिनी ती ओढत उभ्या राहायच्या. मला स्वयंपाकघरातून खडखड ऐकू यायची. मी रेडिओ मोठा करायचो.

मग मुलगा आला आणि दोघांना टाकानिनीला घेऊन गेला. "फार मनाला लावून घेतात बुवा," मी मंडळात म्हणालो. "विनोद कळत नाही."

दोन वर्षांपूर्वी वहिनी रेस्ट होममध्ये गेल्याचं कळलं. गेल्या म्हणजे वारल्या. मी टाकानिनीला गेलो. काय बोलायचं ते विमानात पाठ करत होतो. टिळेकर अर्धे झाले होते. "चला, एक स्टेडियम दाखवतो," म्हणाले. घरापासून सात मिनिटांवर नव्या वसाहतीत सॉफ्टबॉलचं एक मैदान होतं. तारेचं कुंपण, एक फाटक. खेळत कोणीच नव्हतं. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढली.

"फाटक दहा, कुंपण दहा, बाक नऊ, वारा सात. हे आधी सापडायला हवं होतं, साठे. आलो तेव्हा इथे नुसता चिखल होता."

"आणि 'मा.'?"

"तो रिकामा ठेवलाय. मार्क मालू द्यायची. तासाभरात एकदाही 'घरी चला' म्हणाली नाही, तर दहा." मग म्हणाले, "घरात, दुकानात, सगळीकडे मला तिचा हात धरून ठेवावा लागे. तिला ते आवडायचं नाही, झटकायची. असं एखादं स्टेडियम मिळालं, की सोडता यायचा. तेवढा एक तास तिला वाटायचं, आपण आपल्या आपण चालतोय."

आता बोलायलाच हवं होतं.

"टिळेकर, त्या दिवशी मी..."

एक बाई कुत्रा घेऊन कुंपणाबाहेरून गेली, नमस्काराचं "किया ओरा" म्हणाली. टिळेकरांनी हात हलवला आणि ते पुन्हा माझ्याकडे वळले.

"वाक्य पुरं करा, साठे."

"त्या दिवशी मी चकल्या फार खाल्ल्या."

टिळेकर वही मिटून म्हणाले, "स्वीट अ‍ॅज." मी थांबलो, पण पुढे बासुंदी आली नाही, काहीच आलं नाही. तेवढंच बोलून ते उठले, फाटकापर्यंत गेले आणि माझ्यासाठी कडी काढून उभे राहिले.

गेल्या हिवाळ्यात टिळेकर वारले.

टिळेकर, त्या दिवशी मी टोपी डोक्यावर घातली, तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. मला माफ करा.