वाटी मातीत मिळेपर्यंत

सोमवारी दुपारी टाकीतले जिवाणू टम्म फुगले आणि नासकेराव धावतच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. नासकेराव हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नऊ वर्षं सडक्या कचऱ्यात हात घालणाऱ्या तंत्रज्ञाला ऑफिसने दिलेली ती पदवी. कुजकी फळं आणि उष्टं अन्न आंबवून ते जिवाणूंना पाजायचे. माणसाच्या पोटावर चरबी चढावी तसं जिवाणूंच्या अंगात प्लॅस्टिक साठायचं. मग जिवाणू मारून, धुऊन, गाळून ते वेगळं काढायचं. मातीत पुरलं की तीन महिन्यांत विरून जाणारं प्लॅस्टिक! महिनाअखेरीला नासकेरावांचा करार संपत होता. अर्धा किलो निघालं तर मुदतवाढ, नाहीतर घरी.

"साहेब, आजच काढायला हवं."

"डोकं फिरलंय का? बुधवारी मोठे पाहुणे येतायत. बटण त्यांनीच दाबायचं."

"पण उपाशी राहिले तर स्वतःच्याच अंगातलं प्लॅस्टिक खातात ते."

"मग घाल की खायला! दोन दिवस जावई आलेत समज."

मंगळवारी नासकेरावांनी जावयांना पोटभर वाढलं. बुधवारी सकाळी मात्र पाहुण्यांच्या नाकाला त्रास नको म्हणून साहेबांनीच कचऱ्याची सगळी पिंपं बाहेर फेकायला लावली. पाहुणे आलेच नाहीत. उद्या येतो म्हणाले. उद्या उजाडल्यावर पुन्हा उद्या म्हणाले. गुरुवारी नासकेरावांनी घरचं उष्टं डब्यात भरून आणलं, तर रखवालदाराने दारातच अडवलं.

"वासाचं काही आत सोडायचं नाही, साहेबांची ऑर्डर आहे. तुम्हाला सोडतोय हेच पुष्कळ समजा."

शुक्रवारी सकाळी त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिवाणूंच्या ढेऱ्या गायब! अर्धा किलो प्लॅस्टिक त्यांनी मुकाट्याने पचवून टाकलं होतं. तेवढ्यात फाटकाशी गाड्या थांबल्या.

"साहेब, काही उरलं नाही."

साहेबांनी असं पाहिलं, जणू प्लॅस्टिक नासकेरावांनीच गिळलंय. "कँटीनमधून पांढरी वाटी आण. खालचा शिक्का घासून काढ."

"पण ती साध्या प्लॅस्टिकची—"

"महिनाअखेरीला घरी बसायचंय?"

नासकेरावांनी शिक्का घासला. पोटाला चिमटा बसला की भलेभले घासतात.

पाहुण्यांनी बटण दाबलं, टाकी घरघरली, टाळ्या पडल्या. साहेबांनी वाटी पुढे केली. पाहुण्यांनी ती वाकवली, टिचकी मारली. "वा! अगदी खऱ्यासारखी! आणि ही मातीत विरते?"

"तीन महिन्यांत नामोनिशाण नाही, सर."

"मग पुरा की इथेच, माझ्यासमोर."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "कुणी केली ही?" पाहुण्यांनी विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी श्रेय दुसऱ्याला दिलं. "यांनी, सर! एकट्यांनी!"

"मग खड्डा यांच्याच ताब्यात. लिहून घ्या, वाटी पूर्ण मातीत मिळेपर्यंत या माणसाला इथून हलवायचं नाही."

सही झाली, शिक्का बसला. पाहुणे गेले ते गेलेच. असले लोक बटणापुरतेच येतात. प्रयोग यशस्वी झाला म्हणून सोमवारी टाकी धुऊन पालथी घातली. नऊ वर्षं गटारात गेली. नासकेराव खड्ड्यावर पाणी शिंपडून आले आणि 'प्रगती समाधानकारक' असं वहीत लिहून घरी गेले.

बायकोने ऑर्डर दोनदा वाचली. "अहो, म्हणजे तीनच महिने?"

त्यांनी वाटीची हकीकत सांगितली.

"मग ती विरायला किती दिवस लागतील?"

"चारेकशे वर्षं."

बायकोने बोटांवर हिशेब केला. मग तिने ऑर्डर नीट घडी घालून कपाटात ठेवली.

"लग्नानंतर पहिल्यांदा पक्की नोकरी लागलीय. तोंड कसलं पाडून बसलात?"