खेकडा म्हणाला, तारा विझलाच नाही

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. वाघ होता, वाघाचा दरबार होता, दरबाराच्या समित्याही होत्या. फक्त आकाशाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ते काम एकट्या घुबडअक्काकडे होतं.

अक्काने अकरा वर्षं मान मोडून एक गणित केलं होतं. फार फार लांब, सूर्याची ऊबसुद्धा पोचत नाही तिथे, एक दगड फिरत होता. तो कुणालाच दिसत नसे. पण येत्या अमावास्येला तो एका ताऱ्यासमोरून जाणार होता. दूरच्या कंदिलासमोरून चिलट गेलं की उजेड क्षणभर झाकला जातो ना? तसा तो तारा विझणार आणि पुन्हा लागणार. किती वेळ विझला ते कळलं, की दगड केवढा तेही कळणार.

"एवढंच?" वाघोबांनी जांभई देत विचारलं.

"एवढंच, महाराज. पण असा योग माझ्या हयातीत पुन्हा नाही," अक्का म्हणाली.

त्या दगडाची सावली जंगलाच्या एका पट्ट्यावरूनच जाणार होती. म्हणून अक्काने नदीपासून डोंगरापर्यंत ओळीने सातजण बसवले. डोंगरावरच्या गुहेच्या दारातली मानाची जागा अर्थातच महाराजांची. तारा विझला की सावकाश अंक मोजायचे.

"आणि नाही विझला, तर नाही म्हणून सांगा," अक्काने प्रत्येकाला पंख जोडून बजावलं. "कुठे विझला नाही ते कळल्याशिवाय दगडाची कड सापडत नाही हो!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग राजाचे सचिव कोल्हेसाहेब यांनी कुणालाही न विचारता दवंडी पिटवली. ज्यांना तारा विझलेला दिसेल, त्यांचा दरबारात शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल!

घात झाला तो इथेच.

अमावास्येला आकाश लख्ख होतं. अक्का मधल्या वडावर बसली होती, पापणीही लवू देत नव्हती. आणि तारा विझला! एक, दोन, तीन, चार. पुन्हा लागला. अक्काला रडूच कोसळलं. अकरा वर्षांचं गणित खरं ठरलं होतं. त्या शांततेत दुसरा आवाज होता तो फक्त गुहेतल्या घोरण्याचा.

सकाळी दरबार भरला.

"आम्हांला चाळीस अंक अंधार दिसला," वाघोबा म्हणाले.

"मला एकोणचाळीस," कोल्हेसाहेब लगबगीने म्हणाले.

अस्वलाला अडतीस दिसला, रानडुकराला सदतीस. जो तो आपली पायरी ओळखून एकेक अंक खाली उतरत गेला.

शेवटी नदीकाठचा खेकडा पुढे आला. खेकड्याचं चालणं तिरकं, पण बोलणं सरळ.

"माझ्याकडं तारा इझलाच न्हाई," तो म्हणाला. "डोळं फाडून बगत हुतो, अक्का."

दरबारात खसखस पिकली. अक्काला मात्र त्याला उराशी धरावंसं वाटलं. दगडाची एक कड सापडली होती! दुसरी कड डोंगराच्या बाजूला होती, महाराजांकडे.

"महाराज," ती काकुळतीला येऊन म्हणाली, "आपल्याकडे खरंच विझला होता का? नाही म्हणालात तरी चालेल. आपल्या एका नकारावर सगळं अडलंय."



"अक्का," कोल्हेसाहेब गोड आवाजात म्हणाले, "महाराजांना दिसलं नाही, असं तुम्हांला म्हणायचंय का?"

वाघोबांची शेपटी हलली. अक्काने मान खाली घातली.

"चाळीस लिहिते," ती म्हणाली.

दगड होता त्याच्या दहापट मोठा निघाला.

"एवढा मोठा, तर रोज दिसत का नाही?" वाघोबांनी विचारलं.

"विनयशील आहे, महाराज," कोल्हेसाहेब म्हणाले.

दगडाला महाराजांचं नाव दिलं गेलं. अक्काला सगळ्यांत मोठी शाल मिळाली. खेकड्याला दृष्टिदोषाचा दाखला मिळाला.

संध्याकाळी अक्का नदीकाठी गेली. "मी चारच मोजले होते रे," तिने खेकड्याला सांगितलं.

"मग तितं का न्हाई बोललात?"

अक्काला स्वतःची लाज वाटली. पण हवेत गारठा होता आणि शाल चांगली जाड होती. तिने ती गळ्यापर्यंत ओढून घेतली.

तात्पर्य: मुलांनो, खरं बोलल्याने नजर अधू होते. म्हणून महाराजांना काय दिसलं ते आधी विचारावं. मग वेळ उरला, तर आकाशाकडे बघावं.