तीनास एक

करंट रेशो बुधवारी सुट्टीतल्या क्लासात शिकवला आणि गुरुवारी संध्याकाळी तो आईच्या बुटांच्या दुकानात पुठ्ठ्यावर लटकत होता. लटकवणारी अर्थात लेक. तिला घरात सगळे तुफान म्हणत, ते उगाच नाही.

काम सोपं नव्हतं. आई बिलं बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायची. पहिला महिना एक नंबरच्या खोक्यात, सहावा सहा नंबरच्या. तुफानने बाराही खोकी उपसली, बिलन् बिल वाचलं. वर्षभरात ज्याचा पैसा व्हायचा तो माल, गिऱ्हाइकांकडची उधारी आणि गल्ला मिळून साडेचार लाख. वर्षभरात द्यायचे दीड लाख. भागाकार तीन!

"दोन आला तरी तब्येत ठणठणीत म्हणतात, आई. आपलं दुकान तर पैलवान आहे!"

"गल्ल्यात नऊ हजार आहेत, सांग तुझ्या पैलवानाला." पण पुठ्ठा काही आईने काढला नाही. लेकीचं अक्षर होतं ना!

शुक्रवारी घाऊक व्यापारी आले. त्यांचे एक लाख वीस हजार थकले होते, महिनाअखेरीस द्यायचं ठरलं होतं. त्यांनी पुठ्ठा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"वहिनी, देण्याच्या तिप्पट बाळगून बसलात आणि मला महिनाअखेर? आजच द्या. नाहीतर शाळेचे काळे बूट उद्या गाडीत चढणार नाहीत."

शाळा उघडायला आठ दिवस होते. काळ्या बुटांशिवाय दुकान उघडून काय माश्या मारायच्या?

"कुठाय गं तुझी तिप्पट?" आई दातांतल्या दातांत म्हणाली.

तुफानने माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या बुटांचे तीनशे जोड होते. गेल्या वर्षी ते घेतले आणि महिनाभरात शाळेने बुटांचा रंगच बदलला. भागाकारात ते ऐटीत बसले होते, गिऱ्हाइकाने मात्र ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तुफानने पुठ्ठ्याकडे पाहिलं. आपल्या एका पुठ्ठ्याने आईचा सीझन बुडणार!

आणि मग तिला सहा नंबरचं खोकं आठवलं.

"काका, हे अक्षर तुमचंच ना?" तिने बिल पुढे धरलं. "'न खपल्यास वर्षाच्या आत परत घेऊ.' तीनशे जोड, चारशेचा भाव. म्हणजे एक लाख वीस हजार. आणि वर्ष व्हायला अजून नऊ दिवस आहेत!"

काकांनी बिल लांब धरलं, जवळ धरलं. अक्षर दोन्हीकडून त्यांचंच होतं.

"कितवीत आहे ही?"

"अकरावीत," आई म्हणाली. इतकी ताठ उभी राहून, जणू परीक्षा तिनेच दिली होती.

संध्याकाळपर्यंत माळा रिकामा झाला, काकांचं देणं फिटलं आणि काळे बूट सकाळी पाठवायचं कबूल झालं. तुफानने लगेच नवा भागाकार केला. तीन लाख तीस हजारांवर देणं फक्त तीस हजार! पुठ्ठ्यावर 'अकरास एक' झळकलं.

"काढ तो आधी," आई म्हणाली. पण उशीर झाला होता. दारात दुकानाच्या जागेचे मालक उभे होते, मान वर करून.

"अकरास एक? वा! मग यंदा भाडं वाढवायला हरकत नाही."

आईने डोळे मिटले. तुफान मात्र हसून पुढे आली.

"वाढवा की, काका. फक्त त्या अकरातलं बहुतेक सगळं बुटांतच आहे. पायाचा नंबर काय तुमचा?"