सायबिणीला वाहिलेली पगडी

आनंदीचा साखरपुडा संध्याकाळी होता आणि यज्ञेश्वरपंत सकाळीच नवी कोरी लाल पगडी चढवून जोडे शोधत होते. त्यांच्या पत्नी मथुराबाईंनी विचारलं, "आजच्या दिवशी कुठे निघालात?" तोफखान्यात जरा काम आहे, असं सांगून पंत उंबऱ्याबाहेर पडलेसुद्धा. सवाई माधवरावांच्या तोफखान्यात ते कारकून होते, त्यामुळे थाप अगदीच बिनबुडाची नव्हती. फक्त काम तोफखान्यात नव्हतं, गोलंदाजांच्या देवळात होतं.

आनंदीची दोन स्थळं ऐन वेळी मोडली होती. पहिल्यांना पत्रिका नडली. दुसऱ्यांना काय नडलं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नाही. आताचे वाघोलीचे श्रीनिवासपंत कुलकर्णी तर नकार देण्यातच हयात घालवलेले. मुलासाठी आलेल्या प्रत्येक स्थळात त्यांना काहीतरी खोट सापडे. हेही स्थळ गेलं तर पोरीकडे कोणत्या तोंडानं बघायचं, हा विचार पंतांची पाठ सोडत नसे. चारचौघांत मात्र ते "माझ्यावर सोडा, निर्धास्त राहा" असं सांगत, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागे.

देवळाची वाट दाखवली मिंगेलने. मिंगेल गोव्याचा किरिस्ताव, तोफखान्यात गोलंदाज आणि पंतांचा स्नेही. पेठेबाहेरच्या माळावरच्या त्या देवळाची हकीकत तो रंगवून सांगे. सायबिणीची, म्हणजे त्यांच्या देवमातेची, मूर्ती गाड्यावर घालून गोलंदाज पुढच्या छावणीकडे निघाले होते. माळावर बैल बसले. दुसरे जुंपले, तेही बसले. मग तोफा ओढणाऱ्या गड्यांनी खांदा लावला, तर कोरड्या जमिनीत चाक रुतलं. सायबिणीला इथेच राहायचं आहे हे सगळ्यांनी ओळखलं आणि तिथेच देऊळ उभं राहिलं. पहिल्यांदा ऐकून पंत म्हणाले होते, "बैल तर भवानी पेठेच्या नाक्यावर रोज बसतात, मिंगेलराव." पण साखरपुडा जवळ आला तसं त्यांचं मत पालटलं. जी देवी जुंपलेले बैल धरून ठेवते, तिला एक व्याही धरून ठेवणं काय जड आहे?

देवळाच्या दाराशी पंतांनी सवयीने जोडे काढले.

"पंत, आमच्याकडे उलटं आहे," मिंगेल म्हणाला. "जोडे असू द्यात, पगडी काढा."

पंत थबकले. बोडकं डोकं म्हणजे घरात कुणी गेल्याची खूण. एरवी पुण्यात कुणी पगडीवाचून रस्त्यावर दिसत नसे. पण ज्या देवाच्या दारी जायचं त्याच्या रीतीने जायचं, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. त्यांनी पगडी काढली. पगडी जमिनीवर ठेवायची नसते, म्हणून स्वच्छ वस्त्र अंथरलेला एक चौरंग पाहून त्यावर ठेवली. मेणबत्ती लावली, डोळे मिटले आणि श्रीनिवासपंतांचं नाव गावासकट सांगितलं, उगाच घोटाळा नको म्हणून. डोळे उघडले तेव्हा चौरंग रिकामा होता. तो नवसाच्या वस्तूंचा चौरंग होता, आणि एका म्हातारीने पगडी भक्तिभावाने सायबिणीच्या पायाशी नेऊन ठेवली होती.

पाद्रीबाबा हसून परत द्यायला निघाले. पंतांनी त्यांना अडवलं.

"देवाला वाहिलेलं परत घेत नसतात. मग देव कुणाचा का असेना."

मिंगेलने आपली टोपी पुढे केली. आजच्यापुरतं एवढं पुरे, असं म्हणून पंतांनी ती नाकारली. हमालासारखं उपरणं डोक्याला गुंडाळून पेठेत शिरणंही त्यांना पटेना. भर उन्हात कोण कुणाकडे बघतंय, या भरवशावर ते तसेच निघाले.

शनिवार पेठेत त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्या श्रीधरपंतांनी. उघडं डोकं आणि उदाच्या धुराने लाल झालेले डोळे. दुःखातल्या माणसाला रस्त्यात काही विचारायचं नसतं, म्हणून ते खांद्यावर उपरणं टाकून मुकाट्याने मागे चालू लागले. त्यांना पाहून आणखी दोघे निघाले, त्या दोघांना पाहून अख्खी आळी निघाली. पंतांनी वळून पाहिलं. सगळे खाली माना घालून चालले होते. आपल्या बोडक्या डोक्याकडे बघायचं नाही एवढी सभ्यता पेठेत शिल्लक आहे, आणि साखरपुड्याला माणसं न बोलावता येताहेत, हे पाहून त्यांना भरून आलं.

"आलात, फार बरं वाटलं," ते श्रीधरपंतांना म्हणाले.

"अशा वेळी शेजाऱ्यांनी नाही यायचं तर कुणी?"

घरी वाघोलीची मंडळी वेळेआधीच येऊन ओटीवर टेकली होती. बोडका यजमान आणि त्याच्यामागे मुकी मिरवणूक पाहताच मथुराबाईंना धायरीचे आपले आजारी भाऊ आठवले आणि त्यांनी दारातच टाहो फोडला. श्रीनिवासपंत उठून जोड्यांत पाय घालू लागले. सुतकात साखरपुडा होत नाही, आम्ही येतो, असं ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा चेहरा चांगलाच उजळला होता.

"कुणी गेलेलं नाही," पंत म्हणाले.

"मग पगडी?"

वाऱ्याने उडाली म्हणावं तर झाडाचं पान हलत नव्हतं. पंतांनी छाती पुढे काढली.

"सायबिणीला वाहिली. आपण नाही म्हणू नये म्हणून."

मथुराबाईंचं रडं जागच्या जागी थांबलं. किरिस्तावांच्या देवळात गेलात, आता प्रायश्चित्त घ्यावं लागेल, असं श्रीधरपंतांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. श्रीनिवासपंतांना तर आता सुतकापेक्षाही सरस सबब मिळाली. त्यांनी दुसरा जोडा चढवला. तेवढ्यात माजघराच्या दारातून त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंचा आवाज आला.

"जोडे काढा आणि बसा."

"तू मध्ये बोलू नकोस."

"पुण्याला बाजाराला आले की दर खेपेला मी तिथे मेणबत्ती लावते. तुमच्या तोंडून एकदा तरी 'हो' निघू दे म्हणून. प्रायश्चित्त द्यायचं तर आधी मला द्या. आणि वर्षभर माझ्या हातचं जेवलात, तेव्हा तुम्हीही घ्या."

वर्षभरात आपल्याकडे कोण कोण जेवून गेलं, कुणाकुणाच्या पंक्तीला आपण बसलो, हे श्रीनिवासपंतांना एकामागून एक आठवू लागलं. त्यांत खुद्द वाघोलीचे उपाध्येही होते. श्रीनिवासपंतांनी हळूच एक जोडा काढला, मग दुसरा.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले.

माजघरात आनंदीला रडू कोसळलं, आणि या वेळी तिला कुणी गप्प केलं नाही. संध्याकाळी साखर वाटली गेली. श्रीधरपंतांनी ती दोनदा घेतली आणि प्रायश्चित्ताचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी पंत नवस फेडायला माळावर गेले. देवळाच्या दारात शनिवार पेठेतले पाचसहा मुलींचे बाप एकमेकांची ओळख नसल्यासारखे उभे होते. सगळ्यांत पुढे श्रीधरपंत. पंतांना पाहून ते न विचारताच म्हणाले, "सहज आलो होतो."

पंतांनी मान डोलावली आणि एकवार सगळ्यांकडे नजर फिरवली. प्रत्येकाने घरातली सगळ्यांत जुनी पगडी घातली होती.